आजोबांसाठी एक दिवस शांतता

२ तारीख, सोमवार

ही वही मला आमच्या दुकानात जी डोळे तपासायला बसते तिने दिली. म्हणाली, एवढं बोलतोस, त्यातलं थोडं लिहीत जा, गिऱ्हाइकांचे कान वाचतील. मी चष्म्याच्या दुकानात फ्रेम विकतो. चेहरा बघून फ्रेम सुचवायची म्हणजे बोलावंच लागतं. ती पडद्याआड अंधारात बसून लोकांना अक्षरं वाचायला लावते, तिथे तिला शांतता लागते. घरीही मला लहानपणापासून रेडिओ म्हणतात, आणि कौतुकाने म्हणत नाहीत. मी खोलीत शिरलो की मामा हवेतल्या हवेत बटण पिळून आवाज बंद करतो.

विषय मात्र झकास मिळाला आहे. येत्या बावीस तारखेला आजी-आजोबांच्या लग्नाला साठ वर्षं होतात. सगळे जमणार, केक येणार, फोटोग्राफर येणार. आणि आमच्याकडे फोटो म्हटला की त्याच्या आठवडाभर आधी आजोबा सगळ्यांचे केस कापतात. आजोबांचं केस कापायचं दुकान घराच्या खालीच आहे, वर आम्ही राहतो: ते, आजी, आई आणि मी. ताजे कापलेले केस फोटोत घाबरल्यासारखे दिसतात, त्यांना बसायला आठवडा लागतो, असा आजोबांचा सिद्धांत. आमच्या घरातल्या कुणाच्याही डोक्याला आजवर दुसऱ्याची कात्री लागलेली नाही. मामीला तर लग्न ठरतानाच हे सांगितलं होतं. ती बिचारी नोकरी सोडायला लावतील की काय या काळजीत होती, त्यापुढे तिला हे काहीच वाटलं नाही.

५, गुरुवार

आज लवकर सुटलो म्हणून खाली दुकानात जाऊन बसलो. आजोबा पोस्टमनचे केस कापत होते आणि आजी शेजारच्या स्टुलावर बसून त्यांचं डोकं खात होती.

पूर्वी आजी दुकानात पाऊल ठेवायची नाही. तिला केसांचा कंटाळा. पण गेली दोन-तीन वर्षं ती सकाळी आजोबांबरोबर खाली उतरते आणि दुकान बंद होईपर्यंत स्टुलावरून हलत नाही. गिऱ्हाईक दारात दिसलं की आजोबांनी बोलायच्या आधी हीच म्हणते, या पोस्टमन, बऱ्याच दिवसांनी. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. डाव्या कानावर बोटभर जास्त आहे. मागे रेघ तिरकी जातेय. तिथे नको, तिथे त्यांचा मस आहे. आणि दर दोन वाक्यांनंतर, "दिसत नाही का तुम्हाला?"

आजोबा म्हणतात, "दिसतंय गं, दिसतंय."

एवढाच त्यांचा संसार उरलाय असं वाटून मला वाईट वाटलं. साठ वर्षं ज्याने हजारो डोकी कापली त्याला मस दाखवायचा म्हणजे काय?  कापायला घेण्याआधी आजोबा हल्ली गिऱ्हाइकाचं डोकं दोन्ही हातांनी बराच वेळ चाचपत बसतात. मनातला संताप गिळायला वेळ घेत असावेत.

निघताना त्यांनी खुंटीवरच्या माझ्या कोटाला विचारलं, "काय रे रेडिओ, आज गप्प का?" मी त्यांच्या मागे उभा होतो. आजोबांची विनोदबुद्धी अजून शाबूत आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

७, शनिवार

आजी-आजोबा डॉक्टरकडे जाऊन आले. आजीचे गुडघे दुखतात, त्यासाठी दर दोन-तीन महिन्यांनी दोघं जातात. येताना आजोबांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. फ्रेम अगदीच सुमार, पण एकदाचा त्यांना चष्म्यात रस वाटू लागला याचा मला आनंद झाला. मी त्यांना आजवर तीन उत्तम फ्रेमा भेट दिल्यात. प्रत्येक वेळी ते घालतात, आरशाकडे तोंड करतात आणि म्हणतात, मला सगळ्या सारख्याच.

जिना चढताना आजीने आजोबांचा हात घट्ट धरला होता. गुडघे फारच दुखत असणार. मी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? आजी म्हणाली, "आहे तेवढं जपा म्हणाले. वाढणार काही नाही आता."

गुडघे कशाला वाढायला हवेत हे मला कळलं नाही. पण डॉक्टरांची भाषा अशीच असते.

१०, मंगळवार

मामा आला होता. मामाची गाडी शिकवायची शाळा आहे. आयुष्यभर दुसऱ्याच्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्यामुळे त्याला कुठलीही गोष्ट थांबवायची सवय आहे. त्याने आईला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की केक कापून झाला की तो जाहीर करणार, दुकान आता बंद. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाला ती जागा हवी आहे. आजोबांनी आता वर बसून आराम करावा.

आई म्हणाली, ते ऐकतील का? मामा म्हणाला, सगळ्यांसमोर सांगितलं की नाही म्हणता येत नाही.

 आजोबांना त्या खुर्चीपासून तोडलं तर ते वर बसून काय करणार? पेपरसुद्धा स्वतः वाचत नाहीत. आजीला वाचायला लावतात आणि स्वतः डोळे मिटून पडतात. मी मामाला बरंच काही सांगितलं. त्याने हवेत बटण पिळलं.

१३, शुक्रवार

दोन दिवस विचार करतोय आणि मला मूळ दुखणं सापडलं आहे. आजोबा थकलेले नाहीत. ते वैतागलेले आहेत. सारखं कुणी कानाशी बसून हे चुकलं ते चुकलं म्हणत राहिलं तर कुणाचंही मन उडेल. त्यांना एकच दिवस शांतपणे काम करू दिलं तर ते असा काही हात दाखवतील की मामाच म्हणेल, दुकान चालू राहू दे. लग्नाच्या वाढदिवसाला माझ्याकडून हीच भेट. एक दिवस शांतता.

बेत असा. सगळ्यांचे केस सोमवारी कापायचे आहेत असं आजीला सांगितलं. रविवारी आई तिला शेजारच्या गावी तिच्या बहिणीकडे घेऊन जाईल, आमंत्रण द्यायला. रात्री तिथेच मुक्काम, सोमवारी सकाळच्या बसने परत. आणि आम्ही बाकीचे रविवारीच आजोबांपुढे हजर. आईचे केस आज संध्याकाळीच कापून घेतले. त्या वेळी आजी होतीच, त्यामुळे नेहमीप्रमाणे आरडाओरडा झाला. कट मात्र सुरेख झाला.

शिवाय आजोबांच्या सगळ्या कात्र्यांना गुपचूप धार लावून आणली. केस काय, विचारसुद्धा कापतील.

१५, रविवार

काय लिहू? माझ्या डाव्या बाजूला कल्लाच उरलेला नाही. कानाच्या वर दोन बोटांपर्यंत लख्ख.

सकाळी आजी निघाली. बसमध्ये बसेपर्यंत ती आजोबांना बजावत होती, "मी येईपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही." ही हुकूमशाही आता काही तासांची पाहुणी आहे, असं मी मनात म्हटलं.

दहा वाजता मामा, मामी आणि मामेभाऊ आले. आजोबा एकदम गडबडले. आज नको म्हणाले. मग म्हणाले कात्रीला धार नाही. मी विजयी मुद्रेने कात्री पुढे केली. मग ते म्हणाले, "ती कुठंय?" मी सांगितलं, आजी उद्याच येणार, आज तुम्ही मोकळे. यावर ते खुर्चीची पाठ चाचपत उभे राहिले. आनंद पचवायलाही वेळ लागतो.

मामा म्हणाला, होत नसेल तर राहू दे, नाहीतरी आता किती दिवस. तेव्हा आजोबा ताठ झाले, चादर झटकली आणि म्हणाले, बसा.

मी ठरवलं होतं, आज तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. बाकीच्यांनाही ओठांवर बोट ठेवून दटावलं होतं. दुकानात फक्त कात्रीचा आवाज. किती छान वाटत होतं म्हणून सांगू. आधी मामेभाऊ बसला. आजोबांनी त्याचं डोकं चाचपलं आणि कापायला सुरुवात केली. मागच्या बाजूने मानेपासून टाळूपर्यंत एक पायवाट निघाली. हल्लीच्या मुलांत असं काहीतरी असतं, मला वाटलं नवी फॅशन काढली. मग मामी बसली. तिचे केस एका बाजूला खांद्यापर्यंत राहिले आणि दुसऱ्या बाजूला हनुवटीपर्यंत चढले. मामी आरशात बघून नुसती तोंडाची उघडझाप करत होती, पण माझ्या ओठांवरचं बोट बघून गप्प राहिली. नंतर मी. मला वाटलं माझ्यावर विशेष मेहनत घेतील. घेतली.

शेवटी मामा. मामाचे केस म्हणजे मामाचं सर्वस्व. आजोबांनी उजवी बाजू उतरवली, अगदी उतरवलीच, आणि डावीकडे वळले तेव्हा मामाने आरशात पाहिलं. तो चादरीसकट उठला. "पुरे झालं, बाबा," एवढंच म्हणाला आणि टोपी शोधू लागला. उजवीकडे कापलेलं शेत आणि डावीकडे जंगल, असा अर्धा मामा दारातून बाहेर पडला.

आजोबांनी कात्री ठेवायला हात पुढे केला. टेबल वीतभर डावीकडे होतं. कात्री खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही. स्वतःच्याच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले आणि आरशाकडे तोंड करून बसून राहिले.

मला रडू आलं. कात्रीला धार फार जास्त झाली. चूक माझीच.

१६, सोमवार

आजी आली. दारात टोप्या, रुमाल आणि मामीचा स्कार्फ बघूनच तिला कळलं. मामा सोडून सगळे जमले होते. तिने एकेकाचं डोकं उघडून पाहिलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. ती ओरडली नाही. म्हणून जास्त भीती वाटली.

आजोबा वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपले होते. ती आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. मग मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"तू होतास ना तिथं?"

मी म्हटलं, होतो.

"मग बोलला का नाहीस?"

मी म्हटलं, आजोबांना शांतता मिळावी म्हणून. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "जन्मभर बोललास आणि नेमका काल गप्प बसलास."

हे मला फार लागलं. बोललो तरी बोलणी, नाही बोललो तरी बोलणी.

१९, गुरुवार

दुकान तीन दिवस बंद. पोस्टमन रोज येतो, कुलूप बघून जातो. धार लावणाऱ्याकडे जाऊन मी तक्रार केली. त्याने कात्री बघितली आणि तिच्यात काही दोष नाही म्हणाला. माणूस आपली चूक कधी कबूल करत नाही.

आमच्यापैकी कुणी दुसरीकडे जाऊन केस नीट करून घेतलेले नाहीत. मामा मात्र टोपी घालून चौकातल्या सलूनमध्ये जाऊन आला, असं मामीने फोडलं. तो सलूनवाला आजोबांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने टोपी काढली, अर्धं डोकं बघितलं आणि कानांवर हात ठेवले. म्हणे गुरूचं काम अर्धवट असेल तर ते गुरूच पूर्ण करतील, मी कात्री लावणार नाही. त्यामुळे मामा गाडी शिकवताना, जेवताना आणि बहुधा झोपतानाही टोपीतच आहे. शिकणाऱ्या एका बाईंनी त्याच्याकडे बघत बघत गाडी कुंपणावर घातली. बाईंकडे मामाची कापलेली उजवी बाजू होती.

दुकानाचा निर्णय आता पक्का आहे, असं त्याने फोनवर आईला सांगितलं. कव्हरवाला सोमवारी माप घ्यायला येणार.

आज कामावर डोळे तपासणारीला सगळं सांगितलं. ती नेहमी मध्येच थांबवते, आज शेवटपर्यंत ऐकलं. मग विचित्र प्रश्न विचारू लागली. कोटाशी बोलले ते परत सांग. कात्री टेबलापासून किती लांब पडली? डॉक्टरांनी नक्की कोणाला सांगितलं? मग म्हणाली, "तुला खरंच काही कळत नाही?"

 असा प्रश्न मुली उगाच विचारत नाहीत. मी तिला रविवारचं आमंत्रण दिलं. ती लगेच येते म्हणाली.

२२, रविवार

सगळं सविस्तर लिहितो, हात दुखला तरी चालेल.

वरची खोली भरली होती. आजीची बहीण होती, पोस्टमनलाही बोलावलं होतं. आजीने आजोबांना नवा शर्ट घातला होता आणि स्वतः त्यांच्या इतकी जवळ बसली होती की दोघांना एकच खुर्ची पुरली असती. पाहुणा जवळ आला की ती त्याचं नाव मोठ्याने घेई आणि मग आजोबा हात पुढे करत. माझी सहकारीण हे सगळं एका कोपऱ्यातून बघत होती. मी तिला म्हटलं, बघ, आजी त्यांना नावसुद्धा घेऊ देत नाही. ती म्हणाली, तुझ्या आजीसारखं माणूस भेटायला भाग्य लागतं. हा इशारा माझ्या लक्षात आला, पण मी तसं दाखवलं नाही.

केक आला. मामाने टोपी सारखी केली आणि घसा साफ केला. म्हणाला, केक कापल्यावर मला एक गोष्ट सांगायची आहे. आजोबांनी मान खाली घातली. त्यांना ठाऊक होतं. त्या क्षणी ते फार लहान दिसले, आणि मला मामाचा मनस्वी राग आला.

तेवढ्यात आजी उभी राहिली. म्हणाली, "आधी फोटो. आणि फोटोत टोपी चालणार नाही. चला खाली."

मामा नको नको म्हणत होता. पण अर्ध्या माणसाच्या बोलण्याला वजन नसतं. फोटोग्राफरसकट सगळी वरात जिना उतरून दुकानात घुसली. आम्ही भिंतींना चिकटून उभे राहिलो, काही जण रस्त्यावरून खिडकीतून बघत होते. मामा खुर्चीत बसला. आजी स्टुलावर बसली. आजोबा मध्येच उभे राहून कात्रीची नुसती उघडमीट करत होते.

"नको," ते हळूच आजीला म्हणाले. "सगळे बघतायत."

"बघू देत. तुम्ही माझं ऐका फक्त."

आजोबांनी मामाचं डोकं दोन्ही हातांत घेतलं. मग आजी सुरू झाली. माझ्या उभ्या आयुष्यात तिला एवढं बोलताना मी ऐकलेलं नाही. डावीकडे कानापासून दोन बोटं वर घ्या. अजून. थांबा. आता कंगवा खाली. मागे रेघ आपल्याकडे झुकतेय, पलीकडे ढकला. टाळूवर हात हलका, तिथे मुळात कमीच आहेत. हे ऐकून मामा लाल झाला, पण हलला नाही. दिसत नाही का तुम्हाला? दिसतंय गं, दिसतंय. आणि मी लहानपणी ऐकायचो तशीच कात्री सरसर चालू लागली. 

शेवटी आजोबांनी मानेवर ब्रश फिरवला आणि चादर काढली. मामा आरशात बघत राहिला. डावीकडे मान वळवली, उजवीकडे वळवली. जंगल साफ होतं, आणि उजवीकडच्या शेताशी ते असं मिसळवलं होतं की कुठे एक संपून दुसरं सुरू होतं हे कळू नये. मग मामाने आरशातूनच आजीकडे पाहिलं, आणि नंतर बराच वेळ आजोबांकडे. आजोबा त्याच्याऐवजी फडताळाकडे बघून हसत होते. मामाचा चेहरा एकदम बदलला. मी फ्रेमा विकतो, चेहरे मला कळतात, पण हा चेहरा मला कळला नाही.

"बाबा," तो म्हणाला, "मागे अजून थोडं घ्या. पुढच्या महिन्यात मात्र लवकर येईन."

मग तो बाहेर गेला आणि कव्हरवाल्याला फोन करून माप घ्यायला येऊ नको म्हणाला. परत आला तेव्हा डोळे पुसत होता. केस गेले असतील डोळ्यांत.

त्यानंतर मी, मामी आणि मामेभाऊ एकेक करून बसलो. केक वितळून एका बाजूला कलला, पण फोटोच्या वेळी सगळ्यांची डोकी एकसारखी होती. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघत आहेत. आजोबा तेवढे आजीच्या आवाजाकडे.

एकूण माझा निष्कर्ष असा, की काही माणसांना बोलणी खाल्ल्याशिवाय काम सुचत नाही. शांतता त्यांना मानवत नाही. इतकी वर्षं हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

२४, मंगळवार

काल आजी म्हणाली की तिचे गुडघे आता खरोखरच दुखतात, रोज दोनदा जिना जमत नाही. दुकान सकाळचं दोन तासच उघडायचं आणि तेवढा वेळ मी स्टुलावर बसायचं. मी म्हटलं, मी काय करू तिथे? आजोबा म्हणाले, "बोल."

मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. या घरात मला आजवर कुणी असं सांगितलेलं नाही. मला इतका आनंद झाला की मी लगेच सुरू होणार होतो, पण आजीने अट घातली, "जे दिसतंय तेवढंच बोलायचं. मनातलं काही नको." ही अट मला जरा जाचक वाटली. पण सुरुवात आहे, पुढे वाढवता येईल.

डोळे तपासणारीला हे सांगितलं. ती उठून मालकांना जाऊन भेटली आणि मला सकाळी उशिरा यायची परवानगी काढून दिली. मग म्हणाली, एकदा तुझ्या दुकानात येऊन बसेन मी. तिचे डोळे ओले होते. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत औषध घालायचं म्हणजे थोडं उडणारच.

आज पहिला दिवस. आजोबांनी खुर्ची पुसली, मी स्टूल ओढलं. दारात पोस्टमन दिसले. मी म्हटलं, या पोस्टमन. आजोबा त्यांच्या दिशेने वळून हसले आणि मला म्हणाले, लाव रे रेडिओ. मी जे दिसलं ते सांगत गेलो. डावीकडे बोटभर जास्त. मागे रेघ सरळ. मस आला, सांभाळा. आजोबा दिसतंय रे, दिसतंय म्हणत होते आणि मला फार अभिमान वाटत होता.

काम संपत आलं तेवढ्यात वरच्या खिडकीतून आजीचा आवाज आला, "उजव्या कानामागचं राहिलं असेल बघ."

तिला वरून कसं दिसलं कोण जाणे. मी वाकून पाहिलं. राहिलं होतं. मी आजोबांना सांगितलं.